पट्टी सैल राहू लागली तेव्हा

२०२१च्या पावसाळ्यात माझी कलमं मरायला लागली, तिथून माझा आजार, पार्किन्सन्स म्हणजेच कंपवात, सुरू झाला असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. सुरुवात त्याच्याही आधीची होती, पण ते पुढे येईलच.

आमची नर्सरी वेंगुर्ल्यापासून थोडी आत, सावंतवाडीच्या वाटेवर. आंब्याची कोय कलमं आणि काजूची कलमं हे वडिलांपासून चालत आलेलं काम. कोय कलमाचे दिवस थोडे असतात. बाठा रुजून रोप पंधरा दिवसांचं झालं, पानं अजून तांबूस आहेत, तेवढ्यातच ते वरून छाटायचं, मधोमध चीर द्यायची, हापूसची काडी दोन्ही अंगांनी तासून पाचर करायची, चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी आवळून गुंडाळायची. हात बसलेला असेल तर मिनिटभराचं काम. पट्टी मात्र घट्टच हवी. सैल राहिली तर आत पाणी शिरतं, सांधा काळा पडतो आणि आठवड्याभरात काडी वाळते.

शंभरातली ऐंशी कलमं माझ्या हातून जगायचीच. त्या वर्षी पन्नासही नीट फुटली नाहीत. मी काडीला दोष दिला, पावसाला दिला, पट्टीचा रोल बदलून पाहिला. आमच्याकडे वीस वर्षं काम करणारी बाई एकदा वाफ्यात बसल्या बसल्या हळूच म्हणाली, "दादा, तुमची पट्टी सैल रवता." मला राग आला. त्याच दुपारी मी केलेली दहा कलमं मीच सोडून पाहिली. पहिले दोन वेढे घट्ट होते, तिसऱ्यापासून सैल होत गेले होते आणि शेवटची गाठ नुसती अडकवल्यासारखी होती.

मग उजवा खांदा धरला. हाडांच्या डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर सांगितलं. शेक, व्यायाम, गोळ्या यांत सात-आठ महिने गेले. खांदा दुखत होता हे खरं, म्हणून त्या उपचारांवर शंका घ्यावी असं मनातही आलं नाही. आता मला माहीत आहे, की एका बाजूचा आखडलेला खांदा हे पार्किन्सन्सचं अगदी सुरुवातीचं लक्षण असू शकतं आणि तो फ्रोझन शोल्डर म्हणून हाताळला जाणं नेहमीचं आहे. ज्याचा एकच खांदा धरलाय आणि त्याच हाताचं बारीक कामही मंदावलंय, त्याने ह्या दोन गोष्टी डॉक्टरांना एकत्र सांगाव्यात. मी खांद्याचं सांगितलं आणि पट्टीचं सांगितलं नाही. ते माझ्या धंद्याचं दुखणं आहे असंच मला वाटत होतं.

पुढच्या वर्षी गावच्या पालखीचा व्हिडिओ मुलाने मोबाइलवर काढला. रात्री सगळे मिळून बघत होतो. पालखीच्या मागून मी येतोय. डावा हात चालीबरोबर पुढेमागे होतोय, उजवा कोपरात जरासा वाकून अंगाला चिकटलेला. दुखरा हात माणूस सांभाळून नेतो. हा हात मी सांभाळत नव्हतो, तो चालायचंच विसरला होता. मुलगा व्हिडिओ मागे नेऊन परत परत बघत राहिला. तो काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने कोल्हापूरच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमची, म्हणजे मेंदू-नसांच्या डॉक्टरांची, वेळ घेतली.

आंबोली घाटातून, आजऱ्यावरून, चार-साडेचार तासांचा प्रवास. जून होता, घाटात धुकं. मनात एकच घोकणं चाललं होतं: माझा हात थरथरत नाही, म्हणजे तो कंपवात नसणार. कंपवात ह्या नावानेच आपल्या लोकांची फसगत होते. नावात कंप आहे म्हणून सगळे थरथर शोधत बसतात. बऱ्याच जणांना सुरुवातीला ती नसतेच. असतो तो मंदपणा आणि ताठरपणा.

मॅडमनी मला खुर्चीत बसवलं आणि पहिले प्रश्न बायकोला विचारले. ह्यांना वास येतो का? झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात का? पोट साफ होतं का? मला वाटलं, हाताच्या दुखण्याला ह्या चौकशा कशाला? बायको मात्र सांगत सुटली. शेजारी सुके बांगडे भाजत होते, सगळी वाडी नाक धरून होती, "आणि ह्यांका पत्तोच नाय." चार वर्षांपूर्वीची गोष्ट. झोपेत मी एकदा तिच्या पाठीत लाथ घातली होती. मी स्वप्नात बागेतली वानरं हाकलत होतो. तेव्हा आम्ही दोघे हसलो होतो.

मॅडम हसल्या नाहीत, लिहून घेत राहिल्या. मग माझी परीक्षा. अंगठा आणि तर्जनी जेवढी उघडता येतील तेवढी उघडून भराभर आपटा. डाव्या हाताने मी आपटत राहिलो. उजव्याने पहिल्या चार वेळा बोटं नीट उघडली, मग अंतर कमी कमी होत गेलं, सातव्याला बोट अडकलं आणि पुन्हा सुरू झालं. पट्टीचे वेढे आठवले. तिथेही असंच, पहिले दोन घट्ट आणि पुढचे सैल. मी ते मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं, खिशातला रुमाल माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "काका, पट्टी कशी बांधता ते ह्या पेनावर दाखवा." मी दाखवलं. माझ्या अनेक वर्षांच्या कामाकडे एवढं निरखून कुणी पाहिलं नव्हतं.

मूठ उघडमीट, बल्ब फिरवल्यासारखं मनगट, टाच आपटणं. त्यांनी माझं मनगट हातात घेऊन गोल फिरवलं, तेव्हा ते सलग न फिरता दातेरी चाकासारखं टकटक अडत गेलं. ते मलाही जाणवलं. बाहेरच्या व्हरांड्यात चालायला लावलं. वळताना मी चार-पाच छोटी पावलं टाकली. मागे उभ्या राहून त्यांनी खांदे धरून मला अचानक ओढलं, मी एक पाऊल मागे टाकून सावरलो. कागदावर चक्री काढली, एक वाक्य चार वेळा लिहिलं. चौथं पहिल्याच्या निम्म्या उंचीचं होतं. घरी परतल्यावर मी ऑर्डरची वही काढली. २०१८चं माझं अक्षर आणि २०२२चं अक्षर शेजारी ठेवलं तर दोन वेगळ्या माणसांचं वाटेल.

एमआरआय काढला, तो साधा आला. मी सुटलो असं समजून हात जोडले. मॅडमनी समजावलं, तो दुसरं काही नाही ना हे बघायला होता. ह्या आजाराचं निदान रक्ताच्या साध्या तपासणीत होत नाही, नेहमीच्या एमआरआयमध्येही दिसत नाही. ते बघून, विचारून आणि औषध दिल्यावर शरीर काय उत्तर देतं त्यावरून होतं. मेंदूच्या देठात खोलवर सबस्टॅन्शिया नायग्रा नावाचा भाग आहे, नावाचा अर्थच काळा पदार्थ. तिथल्या पेशींत काळसर रंगद्रव्य असतं आणि त्या डोपामाइन बनवतात. हालचालीला सुरुवात करून देणं, तिचा आवाका राखणं ह्यासाठी ते डोपामाइन लागतं. ह्या पेशी मरत जातात, आणि हाताला कळेपर्यंत त्यांतल्या बऱ्याचशा गेलेल्या असतात. वास, झोप आणि पोट यांच्या तक्रारी कित्येकांत त्याआधी कितीतरी वर्षं सुरू होतात. हायको ब्राक ह्या जर्मन शास्त्रज्ञाने २००३ साली मांडलं, की हा बिघाड बहुधा वासाच्या केंद्रातून आणि आतड्याच्या नसांशी जोडलेल्या भागातून सुरू होऊन वर सरकत जातो. सगळ्या रुग्णांना हे लागू पडत नाही. मला मात्र बांगड्यांची ती संध्याकाळ लगेच आठवली.

मग त्यांनी औषधांची चौकशी केली. चक्कर किंवा ॲसिडिटीसाठी महिनोन् महिने गोळ्या घेतल्यात का? अशा काही गोळ्या डोपामाइनचं काम अडवतात आणि हुबेहूब असाच आजार दिसतो, त्या बंद केल्या की बहुतेकदा ओसरतो. आणि शेवटी, "रक्तदाबासाठी झाडपाल्याचं काही? सर्पगंधा?"

सर्पगंधा मी विकतो. वाफ्याच्या टोकाला सावलीत तिच्या दोन ओळी आहेत. घेतली मात्र कधी नव्हती. पण मॅडमनी नाव घेतलं आणि पुढे जे सांगितलं ते मी घरी येऊन महिनाभर वाचत राहिलो, मुलाकडून समजून घेत राहिलो. सर्पगंधेच्या मुळातून १९५२ साली रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. त्याआधी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम वकिलांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो हे आपल्या रुग्णांच्या नोंदींसह ब्रिटिश नियतकालिकात छापलं होतं. पुढे स्वीडनच्या अर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन सशांना दिलं. ससे बसल्या जागी थिजले, कान पाडून, हलेनात. मग त्यांना डोपा, म्हणजे शरीर ज्यापासून डोपामाइन बनवतं तो पदार्थ, टोचला आणि ससे उठून हिंडू लागले. हे १९५७ सालचं. ह्या कामाला २००० सालचं नोबेल मिळालं. १९६० मध्ये व्हिएन्नात ओलेह होर्निकिएविच यांनी मरण पावलेल्या पार्किन्सन्स रुग्णांचे मेंदू तपासले आणि त्यांत डोपामाइन फारच कमी असल्याचं दाखवलं. १९६७ मध्ये अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी लेव्होडोपा, म्हणजे ह्याच डोपाचं औषधी रूप, तोंडाने, हळूहळू वाढवत मोठ्या प्रमाणात दिला आणि अंथरुणाला खिळलेली माणसं चालू लागली.

आणि हा डोपा मिळतो कशात? आमच्या कुंपणावरच्या खाजकुयलीत. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून तो वेगळा काढला होता. एका झाडाने हालचाल थांबवली तेव्हा कारण कळलं, आणि ती परत आणणारा पदार्थ दुसऱ्या झाडात आहे. दोन्ही झाडं माझ्या वाफ्यापासून पन्नास पावलांच्या आत. रात्री अंगणात उभं राहून त्या काळोखाकडे बघताना मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. कुणीतरी कुठेतरी एवढी वर्षं ह्याच्यामागे लागलं होतं, म्हणून मला उद्या सकाळी गोळी मिळणार होती.

लेव्होडोपा आणि कार्बिडोपाची गोळी अर्ध्यापासून सुरू केली, दिवसातून तीनदा. डोपामाइन सरळ दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. कार्बिडोपा त्याला वाटेतच खर्च होऊ देत नाही. पहिले आठ दिवस मळमळ होती, मग शमली. तिसऱ्या आठवड्यात सकाळी चहा घेताना कप उजव्या हातात आहे हे बायकोने दाखवलं. मी वाफ्यात गेलो, एक रोप छाटलं, काडी बसवली, पट्टी गुंडाळली. सहा वेढे. गाठ ओढली तेव्हा प्लॅस्टिक ताणल्याचा तो बारीक कर्र आवाज आला. कित्येक महिन्यांत तो ऐकला नव्हता.

दीड वर्ष चांगलं गेलं. मग गोळीचा जोर पुढच्या गोळीच्या आधीच संपू लागला. दुपारी मी लाकूड व्हायचो. भेटायला येणारा प्रत्येक जण खाजकुयलीचं नाव घेई. तुमच्याच कुंपणावर औषध आहे, रसायनं कशाला खाता? आणि मी तर सगळा इतिहास वाचून बसलेला. डिसेंबर २०२३मध्ये शेंगा तयार झाल्या. हाताला फडकी बांधून, शेंगांवरची खाजरी लव जाळून बिया काढल्या, दुधात उकडल्या, सालं काढून वाळवल्या, दळल्या. गोळ्या चालू ठेवून सकाळी एक चमचा, दुपारी एक चमचा. चार दिवस छान वाटलं. पाचव्या दिवशी दुसऱ्या वेलीच्या बियांची पूड घेतली. तासाभरात मान आणि उजवा खांदा आपोआप डोलू लागले, वेलीसारखे, थांबवता येईनात. मग उलट्या. बसल्या जागी डोळ्यांपुढे अंधारी. मुलाने गाडी काढली.

मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "खाजकुयलीत औषध नाही असं मी म्हणणार नाही, काका. २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर तिची पूड गोळीशी ताडून पाहिली, आणि ती लवकर लागू पडली, जास्त वेळ टिकलीही. पण तिथे प्रत्येक मापात किती डोपा आहे ते मोजलेलं होतं. तुम्ही कलमं करता ना? बाठ्याचं झाड लोक तुमच्याकडून का घेत नाहीत?"

ह्यावर मला काही सुचलं नाही. बाठ्यातून आलेलं झाड आईसारखं निघेलच असं नाही. एकाच झाडाचे दहा बाठे लावा, दहा तऱ्हा येतील: एखादा गोड, एखादा आंबट, एखादा नुसता रेषांचा. म्हणून तर काडी लावायची, हजार झाडांना एकच फळ यावं म्हणून. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रातून निघालेली वेंगुर्ला ४, वेंगुर्ला ७ ही काजूची वाणं लोक कलमावर विश्वास ठेवूनच नेतात. कुंपणावरची खाजकुयली म्हणजे बाठ्याचं झाड. ह्या वेलीत एवढा डोपा, त्या वेलीत तेवढा. गोळी म्हणजे कलम. हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, आयुष्यभराचा माझाच धंदा होता तो, आणि तरीही मी चमच्याने मोजत बसलो. आजही नर्सरीत कुणी कंपवातासाठी खाजकुयलीच्या बिया मागितल्या तर मी देत नाही. गोळी बंद करून बिया खाऊ नका, गोळीच्या वर खाऊ नका, तुमच्या डॉक्टरांना आधी विचारा, एवढं सांगतो. गिऱ्हाईक नाराज होऊन जातं. जाऊ दे.

दुपारच्या लाकडाचं कोडं मात्र सुटायचं होतं. मॅडमनी छापील तक्ता दिला. दिवसाचे अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन. प्रत्येकात एक खूण: झोपलेला, बंद म्हणजे अंग लाकूड, चालू म्हणजे गोळी लागू, चालू पण डोलणं आहे. खाली गोळीची वेळ, आणि जेवणात काय. तीन दिवस भरायचा होता, आम्ही दहा दिवस भरला. बंद असताना माझ्याने लिहवत नसे, म्हणून खुणा बायकोने केल्या. तिचं शिक्षण चौथीपर्यंत. तिने एकही चौकोन रिकामा सोडला नाही.

दहा दिवसांचा तक्ता जमिनीवर मांडल्यावर आधी तिलाच दिसलं. सोमवारी आणि शनिवारी आमच्याकडे मासे नसतात, त्या दिवशी दुपार बरी. बुधवारी, रविवारी बांगडे, सुंगटं म्हणजे कोळंबी, आणि दोनपासून साडेचारपर्यंत सगळे चौकोन बंद. मी गोळी जेवण झाल्यावर घेत होतो, पोटात आग नको म्हणून. लेव्होडोपा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या दारांनी जातो, त्याच दारांनी प्रथिनांचे घटकही जातात. माशांची ताटभर प्रथिनं आधी दारात उभी राहिली की गोळी मागे पडते. हे पुस्तकांत होतं, माझ्या वाचनातही येऊन गेलं होतं. माझ्या जेवणाशी ते जुळवलं बायकोने.

मासे सोडावे लागले नाहीत. गोळी जेवणाच्या पाऊण तास आधी आणली, मोठं कालवण रात्रीच्या जेवणात गेलं, आणि मॅडमनी दिवसाच्या गोळ्या पाच वेळांत वाटून दिल्या. पहिली सहाला. मोबाइलवर पाच घंट्या लावल्यात. वाडीतली मुलं घंटा ऐकून "आजोबा, गोळी" म्हणून ओरडतात. दुपार सगळीच मोकळी झाली असं नाही, पण अडीच तासांचा अंधार पाऊण तासावर आला.

२०२४मध्ये मॅडमनी विचारलं, एका अभ्यासासाठी रक्ताचा नमुना द्याल का, आणि वासाची परीक्षा? संमतीपत्र मराठीत होतं. मी सगळं वाचलं आणि सही केली, बारीक अक्षरात. वासाची परीक्षा खरवडून हुंगायच्या पट्ट्यांची, अमेरिकेत १९८४च्या सुमाराला तयार झालेली, ४० वासांची. प्रत्येक वासाला चार पर्याय. त्यांत भोपळ्याच्या गोड पायचा वास, रूट बीअर नावाच्या पेयाचा वास. मी परीक्षा घेणाऱ्या मुलीला सांगितलं, बाळा, हे वास मला निरोगी असतानाही ओळखता आले नसते. माझं नाक तपासायचं तर कोकमाच्या सोलांचा वास दे, काजूच्या बोंडांचा दे, सुक्या सुंगटांचा दे. ते चुकले तर माझं नाक गेलं म्हण. तिने ते खरोखर टिपून घेतलं. आपल्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास आपल्या माणसांच्या वासांनी व्हायला हवा, हे मला मनापासून वाटतं. जमेल तिथे हे मी बोलतो.

आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गोळी त्यांच्या जागी थोडा वेळ उभी राहते, एवढंच. डावा हातही आता किंचित मागे पडतोय, ते मी मॅडमच्या आधी ओळखलं, वेढ्यांवरून.

यंदा ऑगस्टमध्ये आम्ही काम असं बांधून घेतलं: सहाची गोळी, सातला वाफ्यात, साडेनऊपर्यंत पट्टी माझी. त्यानंतर पट्टी बाईच्या हातात आणि माझ्याकडे काड्या निवडणं. पहिल्या आठवड्याच्या कलमांना मी लाल दोरा बांधून ठेवला होता. परवा बायकोला बरोबर घेऊन मोजली, आकडा तिने वहीत लिहिला. शंभरातली चौऱ्याहत्तर फुटली होती.